कलर फोटोत हाय-की करायला गेलं की चेहरा पिठाळ, साडी पोपटी आणि चादर राखाडी: दर वेळचा हा घोळ कुठून येतो

डोहाळजेवणाचे फोटो हे माझं आवडतं काम आणि डोकेदुखीही तेच. पांढरी चादर मागे टांगायची, खिडकीतला मऊ उजेड, मोगऱ्याचे दागिने, हिरवी साडी, हिरवा चुडा आणि सगळा फोटो असा हलका, उजळ, ढगात बसवल्यासारखा. म्हणजे हाय-की. मनात एकदम भारी दिसतं हो, पण एडिटिंगला बसलं की दर वेळी तेच तीन-चार प्रकार. चादर राखाडी दिसते म्हणून एक्स्पोजर वाढवलं की गालावर पिवळट डाग येतात, ते घालवायला हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) खाली ओढले की फोटो मळकट होतो, मग स्क्रीनचा लेयर (म्हणजे फोटोचीच प्रत वर ठेवून उजेड वाढवायची पद्धत) टाकला तर चेहरा पीठ फासल्यासारखा आणि मोगरा गायब, आणि या सगळ्यात साडी कधी पोपटी होऊन बसते ते कळतही नाही. मागच्या खेपेला चुलत बहिणीच्या फोटोंवर मी तीन रात्री घालवल्या, तेव्हा एकदाचं शांतपणे बसून आकडे बघितले आणि मग डोक्यात उजेड पडला.

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये हाय-की सोपं जातं कारण तिथे फक्त उजेड-अंधाराचा हिशोब असतो. कलरमध्ये प्रत्येक पिक्सेल म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, ० ते २५५, आणि तुम्ही उजेड वाढवता तेव्हा हे तिघं एकदम वर जातात पण छताला एकदम टेकत नाहीत. आधी टेकतो तो तिथेच अडकतो, बाकीचे दोघं वर येतच राहतात, आणि रंग बदलतो. सगळा घोळ इथून सुरू होतो.

उदाहरण देते. गव्हाळ गालावर उजेडाच्या बाजूला समजा लाल २२५, हिरवा १७२, निळा १४० आहे. साध्या गणिताने एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) एक्स्पोजर वाढवलं तर लाल २५५ ला जाऊन कापला जातो, हिरवा जवळपास २३४ होतो आणि निळा १९२. आता लाल आणि हिरव्यातलं अंतर ५३ वरून २१ वर आलं, आणि लाल-हिरवा जवळ आले की पिवळा होतो हे शाळेत शिकलोय. गालावरचा तो हळदीसारखा पिवळा डाग म्हणजे दुसरं काही नाही, लाल चॅनल उडालाय, म्हणजे लालचा आकडा २५५ ला अडकलाय. सॉफ्टवेअरं वरच्या टोकाला थोडं सांभाळून घेतात त्यामुळे आकडे अगदी असेच येणार नाहीत, पण दिशा हीच. आणि फोटो उडालाय असं आपल्याला वाटत नाही कारण हिस्टोग्रामचा (किती पिक्सेल किती उजळ आहेत याचा आलेख) पांढरा डोंगर अजून उजव्या भिंतीला टेकलेला नसतो, म्हणून हिस्टोग्राम बघताना तिन्ही रंग वेगवेगळे बघायचे, एकत्र नाही.

आता स्क्रीन लेयरचं बघा, कारण हाय-की कसं करायचं विचारलं की दहातले आठ जण हेच सांगतात, की लेयरची कॉपी करा, ब्लेंड मोड स्क्रीन करा, झालं. तोच गाल स्क्रीनमधून काढला तर २५१, २२८, २०३ होतो. काही कापलं गेलं नाही, चांगलंय, पण लाल आणि निळ्यातलं ८५ चं अंतर ४८ वर आलं, म्हणजे रंगच निघून गेला, उरलं पीठ. आणि मोगऱ्याच्या पाकळीचं काय होतं बघा. पाकळीची उजेडातली कड २४०, आतली घडी २३०, दहाचा फरक, आणि त्या दहावरच पाकळी पाकळीसारखी दिसते. स्क्रीन केल्यावर २४० चे २५४ होतात आणि २३० चे साधारण २५२. दीड-दोनचा फरक डोळ्याला दिसतच नाही, सगळा गजरा म्हणजे कापसाचा बोळा. वर खालच्या टोकाला केसातले २० चे ३८ आणि ४० चे ७४ होतात, म्हणजे काळेभोर केस मेंदी लावून आठ दिवस झाल्यासारखे. स्क्रीन वाईट नाही, मी अजूनही वापरते, पण मास्कशिवाय (मास्क म्हणजे फोटोचा ठरावीक भागच निवडणं) आणि १०० टक्के ओपॅसिटीवर, म्हणजे पूर्ण जोरावर, वापरला तर तो हेच करणार, त्याचा स्वभावच आहे.

म्हणजे एक्स्पोजरने चेहरा पिवळा होतो, स्क्रीनने पांढरा. दोन्हीत चूक एकच, की आपण सगळ्याला एकदम उचलतोय. हाय-कीमध्ये उचलायचं असतं ते आजूबाजूचं, म्हणजे मागची चादर, जमीन, सावल्या. चेहरा थोडासाच, जेमतेम. आजूबाजूचं सगळं हलकं झालं की चेहरा आपोआप त्या उजेडातला वाटतो. इथे थोडं विषयांतर, पण "ताई, हाय-की करताय तर जरा गोरंही करा ना" हे मला इतक्या वेळा ऐकायला मिळतं की काय सांगू. हाय-की म्हणजे गोरं करणं नव्हे. उलट सावळ्या चेहऱ्यावर हाय-की जास्त उठून दिसतं, कारण पांढऱ्यापासून चेहरा लांब राहतो, नाक-डोळे हरवत नाहीत. त्वचा आहे तशी ठेवा, घासून पुसून पांढरी केली की ती व्यक्ती फोटोत राहतच नाही.

बरं, आता मूळ दुखणं, चादर राखाडी का येते? कारण कॅमेऱ्याच्या मीटरला चादर पांढरी आहे हे माहीतच नसतं. तो समोर जे असेल ते मध्यम राखाडी धरून चालतो, त्यामुळे फ्रेमभर पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला आणि तो फोटो डार्क काढतो. त्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक १ ते अधिक १.७ ठेवायचं, हे शूटिंगच्या वेळी केलंत तर एडिटिंगचं निम्मं काम वाचतं. आणि प्लीज रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) काढा. जेपेगमध्ये प्रत्येक चॅनलला २५६ पायऱ्या, रॉ बहुतेक १२ किंवा १४ बिटचा म्हणजे ४०९६ किंवा १६३८४. डार्क जेपेग उचलला की चादरीच्या सावलीत पट्टे पट्टे दिसायला लागतात, पायऱ्या संपलेल्या असतात ना. तेवढ्यापुरतं बारीक ग्रेन टाकून झाकता येतं पण ते झाकणंच.

जागेचंही सांगते कारण यात मी फार मार खाल्लाय. आधी बहिणीला चादरीला अगदी चिकटून बसवायचे, मग तिची सावली चादरीवर, आणि ती सावली एडिटिंगमध्ये घालवता घालवता केसांच्या कडेला पांढरी रेघ. दीड-दोन मीटर पुढे बसवा, हॉल छोटा असेल तर सोफा गॅलरीत ढकला पण जागा करा. चादरीवर चेहऱ्यापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड पडला तर उत्तम, दीड स्टॉपपर्यंतही चालतं, त्यापुढे गेलं की मागचा उजेड केसांच्या कडेने पुढे सांडायला लागतो आणि सगळाच फोटो धूसर. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलची शीट उभी केली की सावलीची बाजू भरते, स्टेशनरीच्या दुकानात मिळते, त्यासाठी महागडा रिफ्लेक्टर आणायची गरज नाही. आणि घरातली ट्यूब बंद! खिडकीचा उजेड आणि ट्यूब एकत्र आले की चादर एका बाजूला निळसर आणि दुसऱ्या बाजूला हिरवट, मग कुठलाही व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणं) लावा, एक बाजू बिघडणारच.

आता एडिटिंग. मी लाइटरूम वापरते पण बाकीच्यांचंही मधेमधे सांगत जाईन.

पहिलं व्हाइट बॅलन्स. ड्रॉपर घेऊन चादरीच्या सगळ्यात पांढऱ्या जागेवर क्लिक करायचं असं वाटतं, पण तिथे २५५-२५५-२५५ असेल तर त्या जागेला स्वतःचा रंगच उरलेला नाही, ती काय सांगणार. चादरीच्या हलक्या सावलीत, साधारण २०० च्या आसपास आकडा असेल तिथे क्लिक करा. माझ्या हॉलच्या भिंती पिस्ता रंगाच्या आहेत (घरमालकाची आवड, माझी नाही) त्यामुळे सगळ्या पांढऱ्यावर एक हिरवट झाक येतेच, ती टिंट (हिरवा ते मजेंटा असा स्लायडर) थोडा मजेंटाकडे नेऊन काढते, पण पूर्ण काढत नाही, नाहीतर चेहरा गुलाबी होतो. उरलेली झाक पुढे चादरीच्या मास्कमध्ये काढते.

मग बेसिक. एक्स्पोजर थोडंच, माझं सहसा अधिक ०.५ ते ०.७ च्या पुढे जात नाही. हायलाइट उणे ३० ते ४०, शॅडो अधिक ४०, ब्लॅक अधिक १० वगैरे. व्हाइट्सचा स्लायडर ऑल्ट दाबून ओढायचा, मॅकवर ऑप्शन, म्हणजे स्क्रीन काळी होते आणि जे उडतंय तेवढंच दिसतं. आणि तिथे कुठला रंग दिसतोय ते बघा, गालावर नुसतं लाल दिसलं तर लाल चॅनल गेलाय, तिथेच थांबा आणि मागे या. चादरीवर पांढरं दिसलं तर दिसू दे, चादर उडाली तर कोणाचं काही जात नाही. मोगऱ्यावर पांढरं दिसता कामा नये. लाइटरूममध्ये हिस्टोग्रामच्या खाली आकडे टक्क्यात येतात, तुम्हाला ० ते २५५ हवे असतील तर एस दाबून सॉफ्ट प्रूफिंग चालू करा. मी गालावरचा लाल २३५-२४० च्या वर जाऊ देत नाही, हा माझा स्वतःचा नियम आहे, कुठे लिहिलेलं नाही, पण यात मी अजून फसलेले नाही.

यानंतर सगळं मास्कवर. २०२१ च्या शेवटी लाइटरूममध्ये सब्जेक्ट आपोआप सिलेक्ट करायची सोय आली आणि २०२२ मध्ये माणसांचे चेहरा, त्वचा, केस असे वेगळे मास्कही, त्याआधी हे ब्रशने हाताने करायला लागायचं आणि त्या दिवसांची मला अजिबात आठवण येत नाही. सब्जेक्टचा मास्क घेऊन उलटा करा, म्हणजे फक्त मागचं राहील, त्याला एक्स्पोजर अधिक ०.७ ते १ आणि सॅच्युरेशन उणे ५०-६०. राखाडी गेलं, पिस्ता झाकही गेली. केसांच्या कडेला रेघ दिसली तर एक्स्पोजर कमी करून मागे या, तिथे शुद्ध पांढऱ्याचा हट्ट करू नका, २४५ आणि २५५ मधला फरक बघणाऱ्याला कळत नाही, केसांभोवतीचं वलय मात्र आजोबांनासुद्धा दिसतं. कापून पांढऱ्यावर चिकटवायचा मार्ग मी सोडून दिलाय, त्यात माणूस आधार कार्डाच्या फोटोसारखा दिसतो.

त्वचेच्या मास्कमध्ये एक्स्पोजरला हात लावू नका, कर्व्ह (बिंदू ओढून वाकवायची उजेडाची रेघ) घ्या. मधला बिंदू, १२८ च्या जागचा, वर १४५ पर्यंत न्या आणि वरचा पाव भाग होता तिथेच धरून ठेवा, एक बिंदू टाकून खिळा मारल्यासारखा. म्हणजे गालाची सावली उजळते पण उजेडाची बाजू छताला धडकत नाही. फोटोशॉपमध्ये करत असाल तर कर्व्ह्जच्या लेयरचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी ठेवा, तो रंग जवळपास तसाच ठेवून फक्त उजेड हलवतो. मात्र चेहरा थोडा जास्तच नारिंगी वाटायला लागतो कधीकधी, मग ओपॅसिटी निम्म्यावर. गिम्प या फुकट सॉफ्टवेअरमध्येही लेयर कॉपी करून, तिच्यावर कर्व्ह्ज मारून मोड ल्युमिनन्स करता येतो, आणि २.१० किंवा पुढचं व्हर्जन असेल तर काम १६ बिटमध्ये करा, २.१० मध्ये इमेज मेनूत प्रिसिजनमध्ये आहे ते, ८ बिटवर हाय-की करू नका.

डार्कटेबल (रॉ एडिट करायचं फुकट सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांची तक्रार वेगळीच असते, "कितीही एक्स्पोजर वाढवलं तरी पांढरं पांढरं होत नाही". ते त्यातल्या फिल्मिक नावाच्या मॉड्यूलमुळे. फिल्मिक वरचा उजेड दाबून बसवतो, तिथे एक्स्पोजर मॉड्यूलने चेहरा योग्य ठिकाणी आणायचा आणि मग फिल्मिकमधला व्हाइट रिलेटिव्ह एक्स्पोजर कमी करत न्यायचा, चादर पांढरी होईपर्यंत. किंवा डार्कटेबल ४.२ पासून फिल्मिकच्या जागी वापरायला सिग्मॉइड आलंय ते घ्या, त्यात स्लायडर कमी आणि डोकेदुखीही कमी.

मोबाइलवर करणाऱ्यांसाठी स्नॅपसीड पुरेसं आहे खरं तर. ट्यून इमेजमध्ये ब्राइटनेसपेक्षा शॅडोज आधी वाढवा आणि मग सिलेक्टिव्ह घेऊन मागच्या चादरीवर दोन-तीन बिंदू टाकून तेवढीच उजळवा, चेहऱ्यावर एक बिंदू टाकून ब्राइटनेस शून्यच ठेवा, म्हणजे शेजारच्या बिंदूचा असर चेहऱ्यावर कमी येतो. सावकाश करा, बोटाने स्लायडर ओढताना १० चे ४० कधी होतात कळत नाही.

आता साडी. ही मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट. हिरव्या साडीच्या निऱ्यांमध्ये, खोल घडीत रंग सगळ्यात गडद असतो, आणि आपण शॅडो वर ओढल्या की तो गडद रंग उजेडात येतो आणि साडी पोपटी, नाहीतर रेडियमच्या स्टिकरसारखी चमकायला लागते. मग आपण हिरव्याचं सॅच्युरेशन कमी करतो आणि काहीच होत नाही! कारण पानाचा काय, साडीचा काय, असा हिरवा सॉफ्टवेअरच्या लेखी बऱ्याचदा निम्मा पिवळ्यात मोडतो. म्हणून कलर मिक्सरमध्ये हिरवा आणि पिवळा दोन्ही स्लायडर हलवायचे, सॅच्युरेशन उणे १५ ते २५, पण पिवळा हलवताना त्वचेवर लक्ष, सोन्याच्या मंगळसूत्रावरही लक्ष, नाहीतर सोनं पितळ होतं. त्यापेक्षा साडीवर वेगळा मास्क करून तिथेच सॅच्युरेशन कमी केलेलं बरं. हिरव्याचा ह्यू किंचित निळ्याकडे नेला की पोपटीचा परत नेहमीचा हिरवा होतो.

आणि साडीचा हिरवा उजेड हनुवटीखाली पडतो हे बघितलंय कधी? एरवी दिसत नाही, सावलीत लपलेला असतो, हाय-कीत सावली उचलली की गळ्यावर आजारी माणसासारखी हिरवट छटा येते आणि मग वाटतं व्हाइट बॅलन्स चुकला. व्हाइट बॅलन्स बरोबर आहे. गळ्यावर छोटा ब्रश मारून टिंट मजेंटाकडे ८-१० घ्या, संपलं. शूटिंगच्या वेळी मांडीवर पांढरा टॉवेल अंथरून फक्त वरचा भाग फ्रेममध्ये घेतला तर हे होतच नाही, वर टॉवेलचा उजेड चेहऱ्यावर येतो तो वेगळाच फायदा.

फोटो सगळा हलका झाल्यावर एक विचित्र गोष्ट होते. तांत्रिकदृष्ट्या सगळं बरोबर असतं पण फोटोवर साय धरल्यासारखी वाटते. याचं कारण फोटोत काळं काही उरलेलंच नाही. हाय-कीतसुद्धा कुठेतरी खरा गडद रंग हवा, अगदी थोडा, डोळ्यातलं काजळ, बुबुळ, केसांचा भांग सोडून बाकीचा भाग, नाहीतर चुड्यातल्या दोन बांगड्यांमधली फट. तिथे ब्लॅक खाली आणा, २५-३५ च्या आसपास, बाकी फोटोला न लावता. डोळ्यांवर मास्क करून ब्लॅक उणे २० केलं की फोटोवरची साय फाटते, आणि मग आपल्याला वाटतं अरे रंग तर होते की इथे. त्यानंतरच व्हायब्रन्स अधिक १० घ्यायचं. सॅच्युरेशन घेतलं तर कुंकू भडक होतं आणि ओठ लिपस्टिकच्या जाहिरातीतले. कुंकू आधीच उजेड वाढवल्यामुळे नारिंगीकडे झुकलेलं असतं, त्यावर लाल रंगाचा ल्युमिनन्स उणे १० एवढंच पुरे.

मोगरा गेलाच असेल तर? तिन्ही चॅनल २५५ असतील तर तिथे काही नाही, हायलाइट कितीही खाली ओढा, फक्त राखाडी डाग येईल. एखादा चॅनल जिवंत असेल तर रॉमधून आकार थोडा परत येतो, रंग मात्र सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेला असतो. मोगऱ्याला तसाही रंग नसल्यामुळे हे इथे खपून जातं, गालावर खपत नाही.

शेवटचं दुखणं प्रिंटचं. लॅपटॉपवर बघून खूश झालेला फोटो प्रिंट होऊन आला की कधी भलताच डार्क येतो, कधी चादरीचा आणि कागदाचा पांढरा एक होऊन फोटोची कडच दिसत नाही. डार्क येतो कारण आपला स्क्रीन फुल ब्राइटनेसवर असतो. एडिटिंगला साधारण ८० ते १२० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) उजेड पुरतो, लॅपटॉप त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज देतो. कॅलिब्रेटर नसेल तर टेबलावर दिव्याखाली कोरा पांढरा कागद ठेवा आणि स्क्रीनवर पांढरी फाइल उघडून ब्राइटनेस त्या कागदाइतका दिसेल एवढा खाली आणा, फार शास्त्रशुद्ध नाही पण माझे प्रिंट तेव्हापासून सुधारले. रात्रीचा पिवळा मोड आणि ऑटो ब्राइटनेस बंद करायला विसरू नका, मी एकदा अख्खा अल्बम नाइट मोडवर केला होता, सकाळी सगळी मंडळी निळी. कडेचा प्रश्न असा, की २५५ म्हणजे तिथे शाई पडतच नाही, कोरा कागद. म्हणून प्रिंटसाठी वेगळी कॉपी करून कर्व्हचं वरचं टोक २५५ वरून २४७-२४८ ला आणते, नाहीतर लॅबला बारीक राखाडी बॉर्डर टाकायला सांगते. फाइल एसआरजीबीमध्येच (रंगांचा सगळीकडे चालणारा नेहमीचा संच) द्या, अडोबी आरजीबीत दिली आणि पुढच्या मशीनने प्रोफाइल वाचलंच नाही तर आपण एवढा जपलेला रंग फिका येतो.

चुलत बहिणीचे चाळीस फोटो एकदम प्रिंटला टाकायच्या आधी मी एकाच पोस्टकार्ड साइझच्या कागदावर चार वेगवेगळ्या कर्व्हचे चार छोटे फोटो बसवून मॅटवर काढून घेतले. मला तिसरा बरा वाटत होता. काकूने चष्मा लावून दुसऱ्यावर बोट ठेवलं, "यात ती दमलेली दिसत नाहीये." दुसराच गेला अल्बमला.